संकष्टीला समुद्र कुठे असतो?

“ताई, बीच कुठाय?”

शनिवार, सकाळचे साडेअकरा, ठिकाण केळवे. प्रश्न विचारणारा माझा आतेभाऊ. मुक्काम पोस्ट सिॲटल, सध्या सुट्टीवर डोंबिवलीत. त्याच्या काखेत एक लांबट, गुळगुळीत लाकडी फळी. मी समोर बघितलं. पाणी होतं, भरपूर होतं. सुरूचं बन होतं. भजीच्या टपऱ्या, घोडागाड्या, सेल्फी काढणारी कपल्स, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त बीच तेवढा गायब! पाणी पार झाडांजवळ आलेलं आणि उरलेल्या चार हात वाळूवर अख्खी पब्लिक दाटीवाटीने उभी, जणू आता आठ बावन्नची फास्ट येणार आहे.

आणि ही सगळी वरात मीच आणली होती. म्हणजे झालं असं, की साहेबांना तिकडे एक नवीन नाद लागलाय. स्किमबोर्डिंग. सर्फिंग तुम्ही पिक्चरमध्ये पाहिलं असेल, हा त्याचा धाकटा आणि गरीब भाऊ. सर्फिंगला मोठ्या लाटा लागतात, मोठा बोर्ड लागतो, पोहता यावं लागतं. इथे तसलं काही नाही. लाट किनाऱ्यावर येऊन मागे फिरते तेव्हा ओल्या वाळूवर पाण्याचा पातळसा थर राहतो ना, जेमतेम बोटाच्या पेराइतका? फळी हातात घेऊन पळत सुटायचं, त्या थरावर ती सपाट सोडायची, पळता पळताच तिच्यावर पाय ठेवायचा आणि सूंऽऽऽ घसरत जायचं. दहा मीटर, वीस मीटर, जमलं तर आणखी. संपली राइड. उठा, कपडे झटका, परत पळा. कॅलिफोर्नियात लागुना बीचवरच्या लाइफगार्ड्सनी १९२०च्या दशकात हा खेळ सुरू केला म्हणतात. ड्युटीवर बोअर होत असणार बिचारे.

“इंडियात करू या,” तो म्हणाला. आत्याने कपाळाला हात लावला. मी मात्र तयार! आठवडाभर एसीत बसून एक्सेल शीट बघणाऱ्या माणसाला घसरण्याचं वेगळं आमंत्रण लागत नाही. आरामात आठला निघालो. कोपरच्या वरच्या स्टेशनवरून वसईची गाडी, वसई रोडला डहाणू लोकल, केळवे रोडला उतरून शेअर रिक्षा. गाडीत एका काकांनी फळीकडे बघून विचारलं, “लग्न कुणाचं?” त्यांना तो पाट वाटला होता. पुढच्या विरारपर्यंत आम्ही हसत होतो.

केळव्याला पोचल्यावर हसू बंद.

“ॲपवर तर लो टाइड दाखवतंय,” भाऊ मोबाइल नाचवत म्हणाला. मी डोकावले. ॲप लो टाइडच दाखवत होतं, पण टॅकोमाची. वॉशिंग्टन स्टेट, यूएसए. लोकेशन बदलायचं राहूनच गेलं होतं!

जिच्याकडे आम्ही कांदाभजी घेत होतो ती मावशी हे सगळं ऐकत होती. झारा बाजूला ठेवत तिने एकच वाक्य टाकलं. “अगो, आज अवस ना? बाराला भरलेलाच असणार दर्या. सकाळी सहाला यायचं, नायतर सांजच्याला.”

तिने मग आम्हाला जो फॉर्म्युला शिकवला तो मी आजवर कुठल्याच ऑफिस ट्रेनिंगमध्ये शिकलेल्या गोष्टीपेक्षा जास्त वापरलाय. तिथी घ्यायची. तिला तीनने गुणायचं, चारने भागायचं. म्हणजे पाऊणपट. उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दुपारची आणि रात्रीची दोन्ही. तिच्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. अष्टमी? आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. चतुर्थी? तीनला भरती, नऊला ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, मान्य. पण ज्याच्याकडे रेंज नाही, बॅटरी नाही, त्याच्याकडेही आकाशात चंद्र असतो. कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या होड्या याच हिशोबावर घातल्यात. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्या मागे मागे तेवढाच लेट होतो, एवढंच सायन्स आहे त्यात. हिशोब मात्र मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याचा आहे. टॅकोमाला लावायला जाऊ नका, तिथे समुद्राचं वेळापत्रक निराळं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. “मग मला विचारायचं ना,” ती शांतपणे म्हणाली, “भिंतीवर कॅलेंडर कशाला लावलंय?”

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? गोव्याला जा ना! प्रत्येक वीकेंडला अर्धं ठाणं तिकडेच तर असतं. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण भावाने तिकडचं सांगायला सुरुवात केली आणि माझं मत बदललं.

तो जिथे हे शिकला तो डॅश पॉइंट नावाचा स्टेट पार्क प्युजेट साउंडच्या काठाला आहे. समुद्राचा आत घुसलेला लांबच लांब फाटा, आपल्या खाडीचा थोरला भाऊ म्हणा. पाणी भर उन्हाळ्यातही १२-१३ अंश. आपला गीझर बंद पडला की बादलीतलं पाणी यापेक्षा बरं असतं! मुलं जाडजूड रबरी वेटसूट घालून येतात. लाटा म्हणाल तर नावाला. मग तिथे या खेळासाठी लोक का जातात? कारण ओहोटीला तिथे बारीक वाळूचं सपाट मैदान उघडं पडतं आणि त्यावर पाण्याचा पातळ थर पसरून राहतो. थंड किनाऱ्यावरची ही मंडळी बीच शोधताना निळं पाणी, नारळाची झाडं, शॅक असलं काही बघतच नाहीत. ती तीन गोष्टी बघतात. उतार किती कमी, वाळू किती बारीक आणि भरती-ओहोटीत फरक किती जास्त.

या तिसऱ्या गोष्टीत आपण बाजी मारतो! टॅकोमाजवळ दिवसातल्या भरती-ओहोटीतला फरक सरासरी साडेतीन मीटरच्या वर असतो. मुंबई-पालघरच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवसांत तो चार मीटरच्या आसपास जातो, कधी वरही. आणि गोव्याला? दोन मीटरच्या आतबाहेर. आपल्यासमोरचा समुद्राचा तळ उथळ आणि रुंद आहे, वर खंभातच्या आखाताचं नरसाळं. त्यामुळे पाणी दाटत जातं आणि जसजसं उत्तरेला जाल तसतसा फरक वाढतो. खंभातच्या आतल्या टोकाला तो दहा मीटरच्या घरात पोचतो. मालवण-गोव्याकडे उतरत जाल तसा तो कमी. म्हणजे जे किनारे फोटोत भारी दिसतात ते या खेळाला मध्यम आणि ज्यांना आपण ‘काय ते काळं पाणी’ म्हणून नाक मुरडतो ते डॅश पॉइंटच्या तोडीचे. वर पाणी कोमट. जानेवारीतही २४-२५ अंश. वेटसूटचा खर्च वाचला, बर्म्युडा झिंदाबाद.

(गोवेकरांनो, रागावू नका. अश्वे-मांद्रेला सर्फिंग शिकायला मी येणारच आहे.)

वाळूबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण खरी गंमत तिथेच आहे. ओल्या वाळूवर चालताना पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढरट पडते, हे तुम्ही शंभरदा पाहिलंय. कधी विचार केलाय का, की दाबल्यावर पाणी वर यायच्या ऐवजी आत का जातं? घट्ट बसलेल्या कणांना दाबलं की ते एकमेकांवर चढतात, मधल्या फटी मोठ्या होतात आणि पाणी त्या फटींत शोषलं जातं. हे १८८५ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने मांडलं. हो, तोच तो, रेनॉल्ड्स नंबरवाला, ज्याच्यामुळे आपल्यातल्या निम्म्या इंजिनीअरांना केटी लागली होती! गंमत म्हणजे दुसऱ्याच वर्षी, १८८६ला, त्यानेच दोन पृष्ठभागांमधला द्रवाचा पातळ थर वजन कसं उचलून धरतो याचं गणित मांडलं. ते यंत्रांच्या बेअरिंगसाठी होतं, पण फळीखालचं पाणी तरी वेगळं काय करतं? वेगात असताना पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही आणि ते तुम्हाला उचलून धरतं. पहिल्या पावसात ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ओल्या रस्त्यावरून गाडी तरंगल्यासारखी जाते आणि पोटात गोळा येतो, तोच प्रकार. फक्त इथे खाली डांबर नाही.

तर टेस्ट सोपी आहे. टाच आपटा. पावलाभोवती पांढरी चकती उमटली आणि टाच फार रुतली नाही, की ती वाळू पक्की. टाच घोट्यापर्यंत गेली तर पुढे चला, तिथे फळी मातीत नांगरासारखी घुसते आणि तुम्ही हवेतून पुढे जाता. (स्वानुभव. डावा गुडघा.) जाड वाळूत पाणी पटकन झिरपतं, थर टिकतच नाही. बारीक वाळू पाणी धरून ठेवते. एखादा ओहोळ किनाऱ्यावरून आडवातिडवा वाहत समुद्रात जात असेल तर सोन्याहून पिवळं, लाटेची वाट बघायलाच नको. पण तो ओहोळ कुठून येतोय ते आधी वास घेऊन ठरवा. समजलं ना?

मग जायचं कुठे? आमचा भाऊ परत जाईपर्यंत आम्ही पाच वीकेंड उंडारलो, त्यातून माझं बनलेलं मत सांगते. पटलं नाही तर भांडा.

केळवे नंबर एक. अमावास्येला गायब झालेला तो किनारा तिथी साधून गेलात तर एवढा पसरतो, की ओळखू येत नाही. वाळू काळपट, बारीक, ओली असेपर्यंत टणक. लागूनच माहीम, पानमळ्यांचं गाव. पाणकोट किल्ला भरतीला पाण्यात आणि ओहोटीला ऐटीत. लोकलने जाता येतं हा आपल्यासाठी सगळ्यात मोठा प्लस. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती २०१३ला. ठाण्याहून गाडी काढणाऱ्यांनी घोडबंदर रोडला किती वेळ जाईल ते आपलं आपण बघावं, मी त्यावर बोलणं सोडलंय. आणखी वर गेलात तर डहाणू-बोर्डी. बोर्डीचा किनारा इतका सपाट, की ओहोटीला समुद्राला भेटायला चालत चालत जावं लागतं. परत येताना घोलवडचे चिकू, जीआय टॅग मिळालेले, विसरायचे नाहीत.

याच पट्ट्यात डहाणूजवळ वाढवण बंदर होतंय. २०२४च्या ३० ऑगस्टला पायाभरणी झाली, ७६ हजार कोटींचा प्रकल्प आहे. मच्छीमारांचा विरोध कित्येक वर्षांचा. मला बंदरातलं काही कळत नाही, पण वाळू कुठे साठते आणि कुठून जाते हे लाटा आणि प्रवाह ठरवतात, एवढं या पाच वीकेंडमध्ये कळलंय. समुद्रात भराव पडला की त्यांचा हिशोब बदलतो. तिथल्या मावश्यांना भजी तळायची जागा उरेल ना, असा प्रश्न मला बोर्डीहून परतताना पडला होता आणि अजून पडलेलाच आहे.

अलिबागला कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीत चालत जातो आपण, म्हणजे सपाटपणाचं सर्टिफिकेट वेगळं नको. पण शनिवार-रविवारी तिथे घोडागाड्या, एटीव्ही, पॅरासेलिंगची माणसं यांच्यामधून घसरायचं म्हणजे कल्याण स्टेशनच्या ब्रिजवर स्केटिंग करण्यासारखं. शेजारच्या आक्षी-नागावला जा, जरा श्वास घेता येतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, गाडीसकट नेते. लांबचा बेत असेल तर दिवेआगर, नाहीतर दापोलीकडचे मुरूड, कर्दे, आंजर्ले, केळशी. इथली ओली वाळू सिमेंटसारखी. दोन दिवस काढून जा, एका दिवसात धावपळ करून जीव जातो.

आणि कुठे नाही? गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, मोदक खा, पाण्याच्या वाटेला जाऊ नका. उतार फसवा आहे, दरवर्षी बातम्या वाचतोच आपण. गुहागर दिसायला देखणं, पण उतार जास्त, पाणी लगेच खोल. हरिहरेश्वरला खडक. आक्सा तर नावच काढू नका. जुहू? सपाट आहे, बारीक वाळू आहे, तांत्रिकदृष्ट्या फुल मार्क. पण फळीखाली काय काय येईल याची मला गॅरंटी देता येत नाही.

सीझन नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, बीच उभट होतो, समुद्र खवळलेला असतो. दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. कोकणचा किनारा दरवर्षी असा मोडतो आणि बांधला जातो. आपल्याकडच्या रस्त्यांसारखंच, फक्त टेंडर न काढता.

आता फळी. इम्पोर्टेड बोर्डच हवा असं मुळीच नाही. भावाचा बोर्ड तिसऱ्या वीकेंडला एका खडकावर आपटून चिरला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेलो. मरीन प्लायच्या दोन पातळ शीट एकावर एक चिकटवायच्या, ओल्या असतानाच पुढच्या टोकाखाली वीट ठेवून रात्रभर दाबून ठेवायच्या, म्हणजे नाक वर उचललं जातं. ते नाक महत्त्वाचं, नाहीतर फळी वाळूत खुपसते. मग अंड्यासारखा आकार कापायचा, कडा गोल घासायच्या, चार हात व्हार्निश. उंची तुमच्या कमरेच्या थोडी वर. वरच्या बाजूला मेण घासायचं, पाय घसरू नये म्हणून. काकांनी काम झकास केलं. पैसे घेताना मात्र विचारलंच, “यावर पोळ्या किती लाटणार?”

शिकताना एकच लक्षात ठेवा. उडी मारायची नाही! फळीवर उडी मारली की ती पुढे पळते आणि तुम्ही मागे बसता. धावत्या लोकलमध्ये चढायची वाईट सवय ज्यांना आहे त्यांना हे पटकन जमतं. चालत्या वेगातच पाय टाकायचा, मग दुसरा. सवय सोडा, कौशल्य ठेवा.

इथपर्यंत सगळं हसतखेळत होतं. चौथ्या वीकेंडचं लिहू की नको, असा विचार दोन दिवस केला. आई हा कॉलम वाचते. पण लिहिलं नाही तर तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. खरं उधाण तिथीच्या दिवशी नाही, एक-दोन दिवसांनी येतं, हे तोवर आम्हाला कळलं होतं. म्हणून मुद्दाम द्वितीया धरून गेलो, शुक्रवारी रात्रीच केळव्याला मुक्काम. साडेसातला ओहोटी. सातला आम्ही पाण्याच्या अगदी कडेला, गाव मागे एवढंसं दिसत होतं. वाळूचा एक लांबट उंचवटा होता, त्याच्यावर पाण्याचा थर असा, की काचेवरून घसरतोय वाटावं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पंधरा-वीस मीटर गेले असेन. एकही पडणं नाही. मी ओरडले, भाऊ ओरडला, व्हिडिओ काढले, परत परत पळालो. भूक नाही, तहान नाही. घड्याळ बॅगेत, बॅग रूमवर.

किनाऱ्याकडून कुणीतरी जाळं खांद्यावर टाकून हातवारे करत होतं. आम्हाला वाटलं, कौतुक करतंय. आम्हीही हात हलवले!

मग मी मागे वळून बघितलं. आम्ही उभे होतो तो उंचवटा कोरडाच होता, पण त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या खोलगट भागात पाणी शिरलं होतं. समोरून नाही, बाजूने, आवाज न करता. येताना जिथून आम्ही चप्पल न भिजवता आलो होतो तिथे आता मांडीएवढं पाणी आणि त्याला ओढ. मधे पोचलो तेव्हा कमरेच्या वर. भावाने फळी आडवी धरली, मी दुसरं टोक पकडलं. मला पोहता येतं, ठाण्याच्या स्विमिंग पूलमध्ये. ते तिथे आठवलंसुद्धा नाही. जाळेवाला माणूस पाण्यात कमरेपर्यंत येऊन उभा होता. त्याने माझा दंड धरून बाहेर ओढलं तेव्हा दातावर दात आपटत होते. पाणी थंड नव्हतं.

“पोरी, सुकती बघून गेलात, भरती बघून याल की नाय?” एवढंच बोलला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर बसून हिशोब केला. उतार शंभराला एक धरा, म्हणजे शंभर पावलं गेल्यावर जमीन एक पाऊल खाली. चार मीटरचं उधाण म्हणजे पाण्याची कड सहा तासांत चारशे मीटर सरकणार. तीही सारख्या वेगाने नाही. पहिल्या तासात थोडंच, दुसऱ्यात जरा जास्त आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी भरतं. त्या मधल्या वेळेत मिनिटाला दीड मीटरहून जास्त. ज्या सपाटपणासाठी आपण तिथे जातो तोच सपाटपणा पाणी आलं की आपल्याला लांब टाकतो. मीठ आणि साखर एकाच डब्यात म्हणा ना.

२०१६च्या १ फेब्रुवारीला मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. ती बातमी मी तेव्हा वाचली होती, हळहळले होते आणि मनात म्हटलंही होतं, की ही मुलं एवढी आत गेलीच कशाला? आता नाही म्हणत. दर काही दिवसांनी पुळणीवर उतरवलेली एखादी एसयूव्ही भरतीत अडकल्याचा व्हिडिओ येतो, त्यावर हसायचंही माझं बंद झालंय.

तेव्हा आमचा नियम असा ठरला. ओहोटी पूर्ण व्हायच्या दोन तास आधी उतरायचं, ओहोटीच्या वेळेनंतर अर्ध्या तासात आवरायचं, कितीही मस्त घसरत असलो तरी. घड्याळ हातात, अलार्म लावलेला. मधे खोलगट भाग दिसला तर त्याच्या अलीकडेच खेळायचं. एकट्याने जायचं नाही. लाइफगार्ड किंवा गावातलं कुणी हात हलवतंय, तर ते टाटा करत नसतं. वाळूवर जाळी पसरलेली असतील, बोंबील वाळत असतील, तिथून लांब राहा, ते त्यांचं ऑफिस आहे. आणि गढूळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला. पाकट मासा वाळूत दबून बसतो, त्याच्या शेपटीला काटा असतो. २०१३च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कित्येकांना त्याने प्रसाद दिला होता. पाय घासत गेलात तर तो आधीच निघून जातो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून सरळ दवाखाना गाठा.

पाचव्या वीकेंडला आम्ही परत केळव्याला गेलोच. मावशीकडे भजी खाल्ली, जाळेवाल्या दादांसाठी डोंबिवलीहून मिठाई नेली होती. ते भेटले नाहीत, होडीवर गेले होते. मावशीकडे ठेवून आलो. त्या दिवशी चतुर्थी होती, कृष्णपक्षातली. नऊला ओहोटी, हवा गार, वाळू अशी, की बस! प्रॉब्लेम एकच. संकष्टी म्हणजे आईने निघताना दोघांनाही उपासाची आठवण करून दिलेली. केळव्याला जाऊन पापलेट नाही, भजी खाल्ली त्याचाच हिशोब द्यावा लागला. गणित जमलं की मेन्यू बिघडतो, कोकण किनाऱ्याची ही एक अडचण मला अजून सोडवता आलेली नाही.

भाऊ गेला. फळी माझ्याकडे, कपाटामागे. कॅलेंडर आता आईचं आणि माझं जॉइंट अकाउंट आहे. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी शनिवार-रविवारी कधी येते त्यावर मी निळ्या पेनाने गोल करते, ती तिच्या उपासांवर लालने. तिला मी चौथ्या वीकेंडचं सांगितलं नव्हतं, वर म्हटलंच. हा मजकूर ऑफिसला पाठवायच्या आधी तिला वाचायला दिला. तिने पूर्ण वाचला, चष्मा काढला, काहीही बोलली नाही. उठून कॅलेंडरजवळ गेली आणि माझ्या प्रत्येक निळ्या गोलाशेजारी बारीक अक्षरात एकेक आकडा लिहून आली. साडेसात. सव्वाआठ. नऊ.

मी म्हटलं, “अगं, ओहोटीची वेळ मला येते काढता.”

“ती नाही,” आई म्हणाली, “त्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन यायला हवा मला.”